एकशे दोन वर्षांचा कुंभार

"काकू, कढीपत्ता हवाय ना? थांबा, फांदीच वाकवते. काल पोरांना राणीच्या बागेत नेलं होतं. पेंग्विनला ही रांग! मग शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये शिरलो."

"बरं केलंस. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथला माल गोळा केला, त्यातनंच ते उभं राहिलं. पण लंडनच्या प्रदर्शनाची भानगड ठाऊक आहे का तुला?"

"नाही बाई. सांगा ना!"

"१८८६ साल. साउथ केन्सिंग्टनला वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन. उद्घाटनाला खुद्द व्हिक्टोरिया राणी. आत राजवाड्याचं अंगण उभारलेलं आणि तिथे आपले कारागीर कामाला बसलेले. कुणी गालिचा विणतोय, कुणी किनखाब, कुणी चाक फिरवतोय. लोकांना भासवलं काय, तर हे पिढीजात कारागीर, राजाच्या पदरचे. आणि होते कोण? चौतीसजणांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातले कैदी!"

"अगोबाई!"

"तुरुंगाचे सुपरिंटेंडंट, डॉक्टर टायलर, तेच घेऊन गेले त्यांना."

"आणि कुणी विचारलं नाही?"

"विचारायला सवड कुणाला? बक्षीराम नावाचा कुंभार होता, वय म्हणे एकशे दोन. जन्मदाखला थोडाच कुणी मागतंय! पंचावन्न लाख माणसं येऊन गेली. बंगालचे त्रैलोक्यनाथ मुखर्जी सरकारी कामावर होते तिथे, त्यांनी लिहूनच ठेवलंय की लोक आम्हालाच टकामका बघायचे."

"म्हणजे माल राहिला बाजूला."

"मालाचंच तर सांगत्येय. बर्डवूडसाहेब, तुझ्या त्या भायखळ्याच्या म्युझियमसाठी खपलेला, तो आधीपासून ओरडत होता की तुरुंगातल्या स्वस्त गालिच्यांनी बाजारातल्या विणकरांचा धंदा बसवला. कैद्याला मजुरी ती काय देणार? आणि मांडलं काय, तर तुरुंगातलंच विणकाम, देशी कला म्हणून! मला तर ही सरळ लबाडी वाटते."

"राणी काय म्हणाली?"

"राणी खूश! स्वोबोडा नावाच्या चित्रकाराकडून कारागिरांची चित्रं काढून घेतली. बक्षीरामसुद्धा आहे त्यात. बरं, कारागीर निवडायला टायलरला मदत कुणी केली, सांग? तुरुंगातला कारकून, अब्दुल करीम."

"तो सिनेमातला?"

"तोच गं. पुढच्याच वर्षी राणीच्या टेबलाशी वाढायला गेला आणि तिला उर्दू शिकवायला लागला. राणी १९०१ मध्ये गेली, तशी मुलाने तिची त्याला लिहिलेली पत्रं जाळायला लावली."

"काय असेल हो त्यांत?"

"असतील उर्दूचे धडे. पण जाळायची कशाला? आता लोकांना वाटणारच की काहीतरी होतं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मलाही वाटतं. दे तो कढीपत्ता."