बदलीवर पिवळ्या चिठ्ठ्या

पुण्याहून बंगळुरूला बदलून आलेली माणसं भराभर राजीनामे देऊ लागली, तेव्हा आमच्या एचआरने त्यावर डिझाइन थिंकिंगची कार्यशाळा भरवली. स्टॅनफर्डच्या डी-स्कूलने गाजवलेल्या पाच पायऱ्या : माणूस समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना लढवा, कच्चा नमुना करा, तो वापरून पाहा. पद्धत झकास आहे. पहिल्या पायरीत तर बदली झालेल्याच्या घरी जाऊन बसायचं, बघायचं, ऐकायचं. आमच्याकडे ती हॉटेलच्या एसी हॉलमध्येच उरकली. फळ्यावर एक काल्पनिक कर्मचारी काढला : रोहन, वय २८, अविवाहित, ट्रेकिंगची आवड. रोहनचा सगळा संसार एका सॅकमध्ये मावत असल्याने त्याची बदली चहाच्या आधीच सुखरूप पार पडली.

मला तिथे 'भोगलेला माणूस' म्हणून बोलावलं होतं. मी विचारलं, "रोहनला आई आहे का?"

"छान मुद्दा!" म्हणत कार्यशाळा घेणाऱ्या मॅडमनी पिवळ्या चिठ्ठीवर 'आई?' लिहिलं आणि ती भिंतीला चिकटवली.

आमची आई अशी चिठ्ठीत मावणाऱ्यातली नाही. म्हणून मी आमच्या बदलीच्या वेळचा किस्सा सांगितला. पॅकर्सचा मुलगा सामानाची यादी करत होता. पुढे भरपाई मागता येऊ नये म्हणून ही मंडळी सरसकट 'जुने, ओरखडे' असं लिहून मोकळी होतात. दिवाळीत घेतलेला फ्रिज : जुना, ओरखडे. टीव्ही : जुना, ओरखडे. बायको त्याच्याशी हुज्जत घालत असताना आई खुर्चीतून शांतपणे म्हणाली, "माझ्यापुढेही तेच लिही रे बाळा, तेवढं एक तरी खरं होईल."

यावर हॉल पोट धरून हसला. लिहून मात्र कुणी काहीच घेतलं नाही.

मग मी गाडीचं काढलं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. पुण्याच्या आरटीओची एनओसी आणा, कर्नाटकात पुन्हा रोड टॅक्स भरा आणि महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला परत मागा. (मागायला काय जातंय!) २०२१पासून यावर देशभर चालणाऱ्या बीएच मालिकेच्या नंबराचा उतारा निघालाय, पण खासगी नोकरदाराला तो लागू पडायचा तर कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत हवीत. आमची तीन ठिकाणी.

"मग एक गोव्यात काढू या," मी म्हणालो.

सगळे गप्प. पण कल्पना लढवताना कुणाच्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही, हा नियम मॅडमनीच सकाळी मोठ्या अक्षरांत लावला होता. माझी चिठ्ठी भिंतीवर चढली. मतदानाचे लाल ठिपके पडत गेले, ते खालचा मजकूर दिसेनासा होईपर्यंत. जेवणाआधी पुठ्ठ्याचा नमुनाही तयार : पणजी, दोन खोल्या, खिडकीतून मांडवी. शेवटची पायरी वापरून पाहण्याची, म्हणून स्वतःहून जाणारं कोण, असं विचारलं. सगळा हॉल हात वर करून उभा राहिला आणि त्यात मॅडम तर खुर्चीवर चढल्या होत्या.