विजेत्या घोड्याच्या मालकास अनावृत पत्र

प्रिय अश्वमालक साहेब,



आपल्या घोड्यानं रेवाल चालीच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. वेशीवर फ्लेक्स लागला, त्यावर घोड्यापेक्षा आपणच मोठे दिसता, तेही योग्यच. पण सत्काराच्या भाषणात आपण म्हणालात, "घोडा स्वतःचा खर्च स्वतः काढतो, वर चार पैसे घरात आणतो." तेव्हापासून गावातली दोन-चार तरुण पोरं डाळिंबाची बाग मोडून पागा बांधायच्या गोष्टी करू लागली आहेत. म्हणून हे पत्र घरी न पाठवता चारचौघांत लिहितो आहे.

मी पतसंस्थेच्या वह्या तपासण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. कुठला भोवरा शुभ, कुठला खोडीचा, पंचकल्याणी कशाला म्हणायचं, यातलं मला काही कळत नाही. जमेची बाजू कुठली आणि खर्चाची कुठली, एवढंच कळतं.

आपली लाल वही आपणच कौतुकानं दाखवलीत. पागेत तोबऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेली. पहिल्या पानावर हळदकुंकू, आत मोजून दोन नोंदी. पहिलं बक्षीस २१,०००, वजा प्रवेश फी १,५००, नफा १९,५००. तिसरं बक्षीस ५,०००, वजा फी १,५००, नफा ३,५००. खाली दुहेरी रेघ मारून 'निव्वळ नफा २३,०००'. अक्षर सुरेख, वजाबाकी बिनचूक.

आता इथेच घोडं पेंड खातं. वर्षात आपण स्पर्धा केल्या दहा. उरलेल्या आठ ठिकाणी आपला घोडा काय प्रेक्षक म्हणून गेला होता? तिथल्या फीच्या पावत्या वहीत नाहीत. त्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर उन्हानं पिवळ्या पडल्या आहेत. हरलेल्या स्पर्धेची फी ही जिंकलेल्या स्पर्धेचाच खर्च असते, साहेब. कुठली जिंकणार हे आधी ठाऊक असतं, तर बाकी आठ ठिकाणी आपण गेलाच नसता.

तर दहा स्पर्धांची फी झाली १५,०००. प्रत्येक खेपेला टेम्पोचं भाडं सरासरी ४,००० धरा. सारंगखेड्याच्या यात्रेला आपल्या गावाहून एवढ्यात कुणी येणार नाही, पण जवळच्या जत्रांमुळे सरासरी खाली येते असं मानू. स्वाराचा मेहनताना, सईसाचं जेवण, चहापाणी मिळून १,५००. म्हणजे घोड्यानं मैदानात पहिलं पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी ७,००० गेले. दहा वेळचे ७०,०००. आले २६,०००. तूट ४४,०००. आणि अजून घोड्याच्या तोंडात हरभऱ्याचा एक दाणा पडलेला नाही.

घोडा मात्र हरला तरी खातो आणि जिंकला तर जरा जास्तच खातो. चणे, कडबा, लसूणघास असं दिवसाला ३०० रुपये धरले तर वर्षाचे १,०९,५०० होतात. एकूण तूट १,५३,५००. नालबंद, पोटशूळाच्या रात्री धावत आलेला डॉक्टर आणि धनुर्वाताची लस मी जाणूनबुजून धरलेली नाही. आजच्या दिवशी इतकं कडू बोलू नये. फ्लेक्सचा खर्च कुणी केला, हेही विचारत नाही.

आपण म्हणाल, अजून जिंकू. जरूर जिंका. नुसती फी भरून काढायची तर चौदा स्पर्धांत एकदा पहिलं यावं लागतं. भाडं नि भत्ता धरला तर तीनांत एकदा. समजा, मैदानात तीस घोडे आहेत, आणि बाकीच्या एकोणतीस मालकांच्याही पागेत एकेक लाल वही टांगलेली आहे.

या तीस जणांचा मिळून हिशेब केला तर चित्र आणखी मजेदार दिसतं. तीस घोड्यांची फी ४५,०००. बक्षिसं २१, ११ आणि ५ हजारांची, म्हणजे ३७,०००. उरलेले ८,००० मांडवाला, लाऊडस्पीकरला आणि पाहुण्यांच्या फेट्यांना. एखाद्या पुढाऱ्यानं पदरचं बक्षीस जाहीर केलं आणि ते खरोखर दिलंही, तर गोष्ट वेगळी. एरवी आपण पहिल्या नंबरासाठी उचललेलं पाकीट आपल्याच भाऊबंदांच्या खिशातून आलेलं असतं. ही एक प्रकारची भिशीच. फक्त भिशीत पाळीपाळीनं सगळ्यांचे पैसे परत येतात.

आणि ही काही आपल्या गावची कल्पना नव्हे. १७८० साली इंग्लंडात एप्सम इथे पहिली डर्बी झाली, तेव्हाही बक्षिसाची रक्कम घोडेमालकांच्या वर्गणीतूनच उभी राहिली होती. उमरावांनी एकमेकांचे पैसे एकमेकांकडून जिंकले. फरक इतकाच की त्यांना डाळिंबाच्या बागेवर कर्ज नव्हतं.

आपलं सरकार या बाबतीत फार समंजस निघालं. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ७४-अ होतं, खास शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्यांच्या तोट्यासाठी. हा तोटा त्याच घोडेशाहीच्या उत्पन्नातून वजा करायचा, पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून नाही. उरला तर चार वर्षं पुढे ओढायचा, पण तेव्हाही घोडे बाळगणं चालू असलं पाहिजे. म्हणजे तोट्याची सवलत हवी असेल तर तोट्याचा धंदा बंद करायचा नाही! हे कलम पैज कायदेशीर असलेल्या शर्यतींचं, महालक्ष्मीसारख्या रेसकोर्सवरच्या मालकांचं. आपल्या रेवाल चालीला ते लागू नव्हतं. तरी एक लक्षात घ्या. नफ्याच्या धंद्यासाठी कुणी तोट्याचं खास कलम लिहीत नाही.

यावर आपला ठरलेला जवाब मला ठाऊक आहे: नंबर आला की घोड्याची किंमत वाढते. हे मात्र खरं आहे, आणि यात तथ्य आहे. नंबरातल्या घोड्याकडे लोक घोडी फळवायला आणतात, त्याचे रोख पैसे येतात. शिंगराला भाव मिळतो, घोडी मात्र अकरा महिने घेते. हे पैसे वहीत जरूर लिहा. पण मागच्या यात्रेत एका शौकिनानं 'पंचवीस लाख' म्हटलं आणि आपण 'देत नाही' म्हणालात, ते पंचवीस लाख जमेला धरू नका. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास कोटीच्या घोड्यांचे फोटो पेपरात येतात. त्यातले बरेचसे कोटी आले तसे मालकासोबत गावी परत जातात.

घोड्यांतून खरा पैसा झालेला पाहायचा असेल तर पुण्याला हडपसरला जा. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, कारण त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरची, सर्पदंशावरची औषधं बनत. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढचं जगाला ठाऊक आहे. त्या कमाईत पळणाऱ्या घोड्याचा वाटा शून्य. पळायचं थांबलेल्यांनी ती सुरू करून दिली.

घोडा विका असं मी म्हणणार नाही. खरारा झाल्यावर त्याची पाठ कशी चमकते ते मीही पाहिलं आहे, आणि हौसेला मोल नसतं. पण मोल नसलेल्या गोष्टीला नफा तरी का म्हणावं? वहीत 'हौस' नावाचं एक खातं उघडा आणि हरलेल्या स्पर्धांच्या पावत्या टेम्पोतून काढून तिथे चिकटवा. पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी वहिनींना सांगा की ही रक्कम घोड्याच्या कमाईतून नाही, घरखर्चातून जाते आहे. आणि त्या पोरांना बोलावून, बाग मोडायच्या आत, हे १,५३,५०० तेवढे दाखवा.

आपला,
पायी चालणारा एक हिशेबनीस