क्रमिककाका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास तिथे एक गृहस्थ उभे दिसतात. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात दुधाची पिशवी आणि मान डावीकडे कललेली. मानेला काही झालेलं नाही. गठ्ठ्यातल्या पुस्तकांच्या पाठीवरची नावं आडवी वाचायची तर मान तिरकी करावीच लागते. रद्दीवाला त्यांना ओळखून आहे.

"काका, आज गाण्याचं काही नाही. दहावीची गाइडं आलीत."

"बघू तरी," असं म्हणून काका गाइडं एकेक करून खाली ठेवतात. कारण एकदा गणिताच्या दोन गाइडांमध्ये दडपलेली ओंकारनाथ ठाकुरांची 'संगीतांजली' त्यांना सापडली होती. त्या दिवसापासून त्यांचा गाइडांवर विश्वास बसला आहे.

हे आमचे क्रमिककाका. खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चं नाव दिवसातून इतक्या वेळा त्यांच्या तोंडी येतं की इमारतीतल्या मुलांनी त्यांचं हे बारसं केलं, आणि काकूंनी घुगऱ्या वाटल्यासारखी त्याला संमती दिली. गाणं ऐकणाऱ्यांच्या प्रत्येक गावात असा एक काका असतो. मिरजेत असतो, गिरगावात असतो, फोंड्याला असतो. तो गात नाही, वाजवत नाही. त्याच्याकडे सगळं 'आहे'.

काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. आयुष्य नकाशे, सातबारा आणि फेरफार यांत गेलं. ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळे ते गाण्याकडे वळले तेही दाराने नाही, दप्तराच्या खिडकीने. "अरे, पूर्वी चीज म्हणजे काय होतं? खाँसाहेबांच्या घशातली मिळकत! ना उतारा, ना नकाशा. मुलीच्या लग्नात आंदण दिल्याच्या गोष्टी सांगतात. खाँसाहेब गेले की मिळकत बेवारस. मग आले भातखंडे. मुळात वकील माणूस. गावोगाव फिरले आणि मोजणी करून सगळं कागदावर आणलं." सहा भागांतल्या बंदिशी अठराशेंच्या घरात आहेत, हे सांगताना काकांचा आवाज एखाद्या गावाचं एकूण क्षेत्र सांगावं तसा होतो.

त्यांचं कपाट बघण्यासारखं आहे. म्हणजे बघण्यासारखंच आहे, हात लावण्यासारखं नाही. सगळ्यांना बदामी कागदाची कव्हरं, पहिल्या पानावर निळ्या शाईत खरेदीची तारीख, कोपऱ्यात डांबरगोळ्या. वरच्या कप्प्यात भातखंडे. त्याखाली विनायकबुवा पटवर्धनांच्या 'रागविज्ञान'चे सात भाग, शेजारी रातंजनकरांची 'अभिनव गीतमंजरी', त्याला खेटून रामाश्रय झांची 'अभिनव गीतांजली'. या दोन अभिनवांत पाहुण्यांचा हमखास घोळ होतो आणि तो व्हावा म्हणूनच ती शेजारी ठेवली असावीत. कुमार गंधर्वांच्या 'अनूपरागविलास'च्या दोन प्रती आहेत. एक वाचायची आणि एक न वाचायची.

तिसऱ्या कप्प्यात हाथरसच्या संगीत कार्यालयाची पुस्तकं. गाण्याच्या पुस्तकांची ही मोठी पेढी ज्यांनी उभी केली ते प्रभुलाल गर्ग म्हणजेच हिंदीतले प्रसिद्ध हास्यकवी काका हाथरसी. देशाला हसवणाऱ्या त्या काकांनी छापलेलं आमचे काका ज्या चेहऱ्याने वाचतात, तो चेहरा मी फक्त मोजणीच्या वादात बघितला आहे.

वाचतात म्हणजे खरंच वाचतात. लोक कादंबरी वाचतात तसे काका जेवणानंतर झोपाळ्यावर बसून नोटेशन वाचतात. वरच्या ओळीत स्वर, खालच्या ओळीत शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब असलं तर मंद्र, वर असलं तर तार. बोट सरकत असतं, ओठ हलत असतात, आवाज शून्य. मधेच "वाहवा!" म्हणून थांबतात, मागची ओळ पुन्हा वाचतात आणि पान दुमडू नये म्हणून मोरपीस घालून ठेवतात. काकू आतून विचारतात, "काय झालं?" "काही नाही, छान सम आली." या घरात सम अशी कागदावर येते, आणि मान हलवायला एकच माणूस असतो.

पूर्वी एकदा काकांनी आवाज लावला होता. ती हकिगत ते सांगत नाहीत, काकू सांगतात. रद्दीत विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीचं एक जुनं पुस्तक मिळालं. भातखंडेही विष्णू आणि पलुस्करही विष्णू, तेव्हा लिपी एकच असणार, असं काकांनी गृहीत धरलं. पण दोन विष्णूंचे दोन हिशेब. पलुस्करांकडे वर टिंब असलेला स्वर मंद्रातला, तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. भातखंड्यांच्या समेला फुली आणि खालीला शून्य. पलुस्करांच्या समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचं चिन्ह. काकांनी पहाटे पाच वाजता मालकंसाचे मंद्रातले आलाप टिंबांवर भिस्त ठेवून तार सप्तकात घेतले, आणि अधिकलाच फुली समजून ते खालीवर जोरात टाळी देत राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी सुंठेचा काढा पाठवला. चौथ्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि काकूंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा हो, दुखणं अंगावर काढू नये." काकांना चूक कळली ती सहाव्या दिवशी, प्रस्तावना वाचल्यावर. तेव्हापासून ते कुठलंही पुस्तक प्रस्तावनेपासून वाचतात आणि आवाज लावत नाहीत.

मैफलीत मात्र त्यांना कोणी अडवू शकत नाही. सवाई असो की देवळातलं उत्सवातलं गाणं, काका खांद्याला कापडी पिशवी आणि खिशात पेन्सिलीएवढी बॅटरी घेऊन हजर. गवयाने षड्ज लावला की आजूबाजूचे डोळे मिटतात, काका पिशवी उघडतात. एका रात्री मी त्यांच्या शेजारी होतो. तरुण गायकाने दरबारी सुरू केला. काकांनी पान काढलं, बॅटरी लावली, बोट 'ग'वर ठेवलं. छापील पानावर तो 'ग' म्हणजे एक अक्षर आणि खाली एक आडवी रेघ, तिळाएवढी जागा. गायक त्या गंधारावर आला आणि तिथेच राहिला. झुलवू लागला. खालून रिषभाचा आधार घ्यायचा, परत वर यायचं, पोचतोय म्हणताना मागे सरायचं. दहा मिनिटं झाली. बाजूच्या आजोबांनी डोळे पुसले. काकांचं बोट तिळावरून हललेलं नव्हतं. शेवटी ते माझ्या कानाशी आले. "अरे, हा पुढच्या मात्रेवर कधी जाणार?"

मध्यंतरात ते कलाकारांच्या खोलीत गेले. मी लाजेखातर मागे मागे.

"गाणं उत्तम. फक्त अस्थाईच्या दुसऱ्या ओळीत सहाव्या मात्रेवर तुम्ही रिषभ घेतलात. तिथे निषाद आहे."

गायक बिचारा नम्र. म्हणाला, "आमच्या गुरुजींनी असंच दिलंय."

"लेखी?" काकांनी विचारलं.

त्या खोलीत जी शांतता पसरली तिला कुठल्याही पद्धतीत चिन्ह नाही.

पुस्तक उसनं देणं काकांना मंजूर नाही. त्याला एक इतिहास आहे. क्रमिकचा चौथा भाग, जुनी मराठी आवृत्ती, १९८७ साली एका गृहस्थांनी 'दोन दिवसांसाठी' नेला. तो आलाच नाही. पुढे ते गृहस्थ वारले. काका सांत्वनाला गेले, दुःखी चेहऱ्याने बसले, "फार चांगला माणूस" म्हणाले. पण मान हळूहळू डावीकडे कलायला लागली. समोर पुस्तकांचं कपाट होतं. मुलाला वाटलं, काकांना भोवळ येतेय. त्याने पाणी आणलं. काका पाणी प्याले आणि तिसऱ्या कप्प्यापर्यंत वाचून घरी आले. नव्हता.

तेव्हापासून कोणी गाण्यावर बोलायला आलं की काका चहा देतात, लाडू देतात, बंदिशीची माहिती देतात. पुस्तक देत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. ती गाणं शिकते. तिच्या बाईंना देवगिरी बिलावलातल्या एका चिजेची अस्थाई पक्की आठवत होती, अंतरा मात्र वयापरत्वे निसटला होता. बाईंच्या गुरूंना जाऊन बरीच वर्षं झालेली. विचारायचं कोणाला?

"क्रमिक, भाग पाच," काका उठायच्या आधीच म्हणाले. "पण पुस्तक घराबाहेर जाणार नाही. इथे बसून उतरवून घे."

ती जमिनीवर बसली. वही उघडली, उतरवायला लागली. उतरवता उतरवता गुणगुणायला लागली, आणि अंतऱ्यापाशी तिने नकळत आवाज मोकळा सोडला. काका समोर खुर्चीत. ते पान त्यांनी तीस वर्षांत किती वेळा वाचलं असेल! शब्द पाठ, मात्रा पाठ. ऐकत होते पहिल्यांदा. काकू स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभ्या राहिल्या. या घरात भाग पाचमधून आवाज येतो, हे त्यांनाही नवीन होतं.

काका एकदम पुढे वाकले. "थांब. हे तू काय केलंस?"

पुस्तकात मध्यमानंतर सरळ रिषभ होता. मुलगी मध्यमावरून रिषभावर उतरताना वाटेत गंधाराला निसटता हात लावून गेली होती.

"चुकलं का काका?"

"पुस्तकात नाहीये."

"हो, पण गळा तिकडूनच जातो ना. सरळ उडी मारली तर बिलावल वाटतच नाही. ऐका." तिने आधी छापल्याप्रमाणे म्हटलं, मग आपल्यासारखं. मग पुन्हा दोन्ही.

काका बराच वेळ पानाकडे बघत राहिले. शेतावर जायचा रस्ता नकाशात दिसत नाही, पण माणसं आणि बैल पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच जात असतात, अशी प्रकरणं त्यांनी चाळीस वर्षं हाताळली होती.

"म्हणजे," ते म्हणाले, "वहिवाट आहे म्हणतेस?"

मुलीला शब्द कळला नाही, पण तिने मान हलवली. काकांनी खिशातून पेन्सिल काढली. पुस्तकावर खूण केली तर बोट छाटीन, असं नातवाला सांगणाऱ्या माणसाने रिषभाच्या डोक्यावर डावीकडे इवलासा 'ग' लिहिला. समासात 'फेरफार' असा शब्द आणि खाली तारीख. मग फुंकर मारून पान मिटलं.

सातबारावर नाव लागलं म्हणून शेत पिकत नाही, हे काकांना नोकरीत कळलं होतं. गाण्यात कळायला निवृत्तीनंतर बारा वर्षं लागली. पण याची दुसरी बाजूही काकाच दाखवून गेले. कपाटातला उतारा नसता तर त्या मुलीच्या गळ्याला वहिवाट सांगायला शेतच उरलं नसतं. अंतरा बाईंपाशी संपला होता. तो डांबरगोळ्यांच्या वासात, न गाणाऱ्या माणसाच्या घरी जिवंत होता.

यावरून काका सुधारले असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका गवयाला पुन्हा "लेखी?" विचारलं. मुलीने 'अनूपरागविलास' मागितलं तेव्हा दोन प्रती असूनही लाडूवर बोळवण झाली. फक्त आता दर रविवारी तिला इथेच बसून उतरवायची परवानगी आहे, आणि उतरवताना मोठ्याने म्हणायची अट आहे.

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत क्रमिकचा चौथा भाग सापडला, मराठी, बदामी कागदाचं कव्हर, पहिल्या पानावर निळ्या शाईत तारीख, तर तो रद्दीत घालू नका. सकाळी साडेआठला आमच्या गल्लीच्या तोंडाशी या. मान तिरकी करून उभा असलेला माणूस दिसेल, त्याच्या हातात द्या. पावती मिळेल.