ओला, सुका आणि दुसऱ्याच्या दाराचा

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम अधिसूचित केले, त्यांत घरातील कचऱ्याचे तीन वर्ग पाडलेले होते: भाजीची देठे, शिळे अन्न, चहाचा चोथा असा कुजणारा, म्हणजे ओला कचरा, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक असा न कुजणारा, म्हणजे सुका कचरा, आणि रंगाचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे यांसारखा घरगुती घातक कचरा. हे वर्गीकरण दिल्लीत बसून केलेले असल्यामुळे त्यात एक मूलभूत उणीव राहून गेली; कचरा कशाचा आहे याचा विचार त्यात होता, परंतु तो कोणाच्या दारासमोर पडला आहे याचा नाही. नागपूरच्या नागरी परंपरेने ही उणीव फार पूर्वीच भरून काढली असून येथे कचऱ्याचे वर्ग पदार्थावरून नव्हे, तर अंतरावरून ठरतात. फाटकाच्या आत असतो तोच खरा कचरा; फाटकाबाहेरच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन पडतो तो कॉर्पोरेशनचा प्रश्न; आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोला पोचतो तो मुळी नसतोच.

या विचारपद्धतीला आधार नाही असे म्हणता येणार नाही, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते आणि तिच्यामागील तत्त्वज्ञान नेमके हेच आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे मानले जाते. या भल्यामोठ्या पुतळ्यांबरोबर तत्कालीन राजकारणाची आणि समाजाची टिंगल करणारे बडगेही निघतात, आणि गावातील रोगराई, संकटे, इडापीडा सोबत घेऊन जाण्याची विनंती मारबतीला करून शेवटी तिचे दहन केले जाते. व्याधी वेशीबाहेर नेली की गाव शुद्ध झाले, ही श्रद्धा उत्सवापुरती मनोहर आहे यात शंका नाही. अडचण एवढीच की मारबत वर्षातून एकदा निघते, तर सुमारे सव्वा हजार टनांपर्यंतचा कचरा रोज निघतो, आणि शहर वाढत गेल्यामुळे वेस कुठे संपते हे आता ना वेशीला ठाऊक आहे ना नगररचना विभागाला.

पूर्व नागपुरातील भांडेवाडी ही एकेकाळची वेशीबाहेरची जागा. मिश्र कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे एकमेकांवर रचले की आतल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. तळाशी कचऱ्याचा काळा निचरा साचतो आणि जमिनीत मुरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला की हे ढीग पेटतात, आणि जी मारबत कोणी बांधली नाही, मिरवली नाही, ती आपोआप दहन पावते. धुराची दिशा वारा ठरवत असल्याने इडापीडा नेमकी कोणी न्यावी याचा निर्णय मात्र दरवर्षी आजूबाजूच्या वस्त्यांच्या विरोधात लागतो. या जुन्या ढिगांवर उपाय म्हणून बायोमायनिंग हाती घेण्यात आले. बायोमायनिंग म्हणजे साचलेला कचरा उकरून, सुकवून, मोठमोठ्या चाळण्यांतून चाळून त्यातील माती, दगड, प्लास्टिक वेगळे करणे, आणि जळण्याजोगा भाग सिमेंटच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी इंधन म्हणून पाठवणे. जे काम स्वयंपाकघरात दोन बादल्यांनी फुकट झाले असते, ते वर्षानुवर्षे कुजवून, यंत्रे लावून, निविदा काढून करणे यालाच बहुधा प्रक्रियाउद्योगाला चालना देणे म्हणत असावेत.

याच भांडेवाडीत एक दुसरी गोष्ट घडलेली आहे, आणि ती जनजागृतीच्या पुरस्कर्त्यांनी फारशी सांगू नये इतकी गैरसोयीची आहे. तेथे दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचा मलजल प्रक्रिया प्रकल्प असून, शहराचे सांडपाणी तेथे शुद्ध होऊन कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडे जाते आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते. सांडपाण्याच्या पुनर्वापराचे देशभर नावाजले गेलेले हे उदाहरण उभे करताना नागपूरकरांना कोणीही शपथ दिली नव्हती. शौचालयाची साखळी ओढताना राष्ट्राचा विचार करा, असे सांगणारी प्रभातफेरी निघाली नव्हती. शाळाशाळांतून मलजल चित्रकला स्पर्धाही झाली नव्हती. एका बाजूला पाण्याची गरज असलेला खरेदीदार होता, दुसऱ्या बाजूला सांडपाणी होते, आणि मध्ये करार व नळ होता. नागरिकाचे प्रबोधन झाले की नाही याची वाट पाहत पाणी थांबून राहिले नाही. घनकचऱ्याच्या वाट्याला मात्र खरेदीदार आणि नळ यांच्याऐवजी जनजागृती आली.

आता कचऱ्याच्या अर्थशास्त्राकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील खरा विनोद तेथे आहे. घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेच्या दहा झोनची पाच-पाच अशी वाटणी करून दोन खासगी कंपन्यांकडे देण्यात आले, आणि अशा कामाचा मोबदला टनामागे मोजण्याची पद्धत आहे. म्हणजे जितका कचरा जास्त, तितके बिल जास्त. ओला कचरा सुक्याहून जड, मिश्र कचरा वेगळा करण्याच्या खटाटोपाहून सोयीचा, आणि माती तर सर्वांत जड. कचऱ्यात माती मिसळून वजन वाढवले जात असल्याच्या तक्रारी नागपुरात जाहीरपणे झालेल्या आहेत, आणि त्यांची शहानिशा होत राहील. परंतु कोणी मिसळो वा न मिसळो, ज्या करारात वजनाला भाव आहे त्यात मातीला मोह वाटणे हा मातीचा दोष नाही. या हिशेबात जी गृहिणी संत्र्याच्या साली, भाजीची देठे आणि वाळलेली पाने गच्चीवरच्या ड्रममध्ये कुजवून खत करते, ती शहरातील सर्वांत तोट्याची ग्राहक ठरते. तिने कचरा कमी करावा असे एकाच महापालिकेचा एक विभाग तिला गाणे लावून सांगतो आणि दुसरा विभाग कचरा किती आला यावर बिले मंजूर करतो. कमी झालेल्या कचऱ्याचे बिल काढण्याचा रकाना अद्याप कोणत्याही नोंदवहीत छापलेला नाही.

अशा स्थितीत जनजागृतीला विलक्षण महत्त्व प्राप्त होते, कारण ती एकमेव अशी प्रक्रिया आहे जिच्यात कोणाचेही नुकसान होत नाही. कचरागाडी हिंदी गाणे वाजवीत येते आणि ते गाणे पाठ झालेली पोरे कचरा टाकताना ते म्हणतात, मात्र दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात रिकाम्या होताना पाहिल्यावर वर्गीकरणावरील त्यांची श्रद्धा दुसरीच्या वर्गातच संपते. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर जेथे नेहमी कचरा पडतो, त्या जागा झाडून तेथे रांगोळी काढतात, कुंड्या ठेवतात, फोटो काढतात. कचरा हा स्वभावाने भिडस्त असल्याने तो दोन-तीन दिवस समोरच्या विजेच्या खांबाखाली थांबतो आणि पाहुणे गेले की परत येतो. डिसेंबरातील हिवाळी अधिवेशन आणि मार्च २०२३ मधील जी-२० च्या नागरी समाज गटाची, म्हणजे सी-२० ची बैठक अशा प्रसंगी ज्या रस्त्यांवरून पाहुणे जाणार होते ते उजळले, भिंती रंगल्या, आणि ज्या रस्त्यांवरून पाहुणे जाणार नव्हते त्यांची स्थिती पूर्वीप्रमाणेच संशोधनास खुली राहिली. उपद्रव शोध पथक नावाचे, माजी सैनिकांचा भरणा असलेले एक पथकही महापालिकेने उभारलेले आहे. सीमेवर शत्रू निदान समोरून येत असे, येथे तो रात्री साडेदहानंतर दुचाकीवरून, चेहऱ्याला दुपट्टा बांधून, थैली भिरकावून जातो.

या साऱ्याचे फलित मोजण्यासाठी स्वच्छ सर्वेक्षण होते. त्यात नागपूरचा क्रमांक २०१७ मध्ये १३७ वा होता, २०२० मध्ये दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत १८ वा आला आणि २०२३ मध्ये ८६ वा. याद्या दरवर्षी वेगळ्या, निकष दरवर्षी वेगळे, त्यामुळे या आकड्यांची परस्परांशी तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, आणि क्रमांक घसरला की महापालिका हे आवर्जून सांगते; तो वर गेला की हीच तुलना शास्त्रीय होते. याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आल्यावर दिवसा खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. आधुनिक अभियानाने या क्रमात एक छोटीशी सुधारणा केली आहे: कीर्तन सकाळीच उरकून घेतले जाते, आणि खराटा ऐवजदाराच्या हाती राहतो. ऐवजदार म्हणजे कायम कामगाराच्या ऐवजी बदलीवर लावलेला सफाई कामगार. नागपुरात ही बदली कित्येकांची अख्खी हयात चालली.

पुनर्चक्रण, म्हणजे टाकाऊ वस्तूचा कच्चा माल म्हणून पुन्हा उपयोग, नागपुरात होतच नाही असे मात्र कोणी समजू नये. ते फार मोठ्या प्रमाणावर आणि कोणत्याही फलकाशिवाय होते, कारण ते कबाडीवाला करतो. कोणत्या वस्तूचे पुनर्चक्रण होऊ शकते या प्रश्नाचे सर्वांत अचूक उत्तर एखाद्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात नसून कबाड्याच्या काट्याजवळ मिळते: वर्तमानपत्र, पुठ्ठा, लोखंड, तांबे, पाण्याची बाटली, बादलीचे जाड प्लास्टिक तो घेतो, आणि चिप्सच्या पुड्याकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण त्या पुड्यात प्लास्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो. अशा वेष्टनाची विल्हेवाट लावण्याचे दायित्व ते बाजारात आणणाऱ्यावर टाकणाऱ्या तत्त्वाला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. ते कायद्यात आलेले आहे, तरीही जागृत व्हायचे असते ते गिऱ्हाइकाने. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचकांची संघटना बांधली आणि पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेकडे घरोघरच्या कचऱ्याचे काम आले. नागपुरातील कचरावेचक स्त्री अजूनही गाडी येण्याआधी पहाटे निघते, कारण गाडीत पडलेली बाटली कंत्राटाची होते आणि गाडीबाहेरची तिची.

एका वस्तूने मात्र कबाडी, कचरावेचक, कंपनी, पथक आणि कायदा या सर्वांना सारखेच निरुत्तर केलेले आहे, आणि ती म्हणजे खर्ऱ्याची पन्नी. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण पानठेल्यावर घोटून पातळ प्लास्टिकच्या चौकोनात बांधून मिळते. त्याला खर्रा म्हणतात आणि त्या प्लास्टिकला पन्नी. ती इतकी हलकी असते की टनाच्या हिशेबात बसत नाही, इतकी लहान की वेचणाऱ्याला परवडत नाही, आणि चुना-तंबाखूने इतकी माखलेली की घेणारा कोणी नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकवर बंदी आणली आणि पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये व तुरुंगवास अशी चढती शिक्षा ठरवली; पन्नीने ती अधिसूचना वाचल्याचे दिसत नाही. ती ठेल्यापासून नालीत, नालीतून नाग नदीत जाते, आणि तुंबलेल्या नाल्यांचा हिशेब पावसाळ्यात होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा दुसऱ्या दिवशी रस्त्यारस्त्यावर गाद्या, सोफे, पुस्तके आणि फ्रिज चिखलात पडलेले होते. ओला झालेला सुका कचरा कोणत्या बादलीत टाकावा, याविषयी २०१६ च्या नियमांत काहीही म्हटलेले नव्हते.

नाग नदी पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, त्यामुळे नागपूरने वेशीबाहेर घालवलेले बरेच काही भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबते, आणि तेथील मासेमारांच्या जनजागृतीची जबाबदारी कोणत्या झोनकडे आहे हे ठरलेले नाही. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनासाठी केंद्राने सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली. त्यात मुख्यतः सांडपाण्याचा विचार आहे, पन्नीचा नाही. ज्या २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली, तिच्यातच दुधाची रिकामी पिशवी परत करणाऱ्या ग्राहकाला किमान पन्नास पैसे द्यावेत अशी तरतूद होती, आणि घराघरांतून रोज निघणाऱ्या एका ठरावीक वस्तूला परतीचा रस्ता दाखवणारी कचऱ्याच्या साऱ्या कायद्यांतील कदाचित ती सर्वांत शहाणी ओळ असेल. ती कागदावरच राहिली, कारण पिशव्या साठवायच्या कोणी, मोजायच्या कोणी आणि किराणा दुकानदारही न घेणारे पन्नास पैशांचे नाणे आणायचे कुठून, यावर दूधसंघ, विक्रेते आणि सरकार यांचे एकमत होऊ शकले नाही. १,९२७ कोटींच्या बाबतीत सुट्या पैशांची अशी अडचण कोणी उपस्थित केल्याची नोंद नाही.