ऐरोलीचं गुलाबी लफडं

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. ऐरोलीतली चांगल्या घरची, शिकलीसवरली, घराचे हप्ते वेळेवर भरणारी मुलं रविवारी पहाटे अंधारात बाहेर पडतात आणि थेट खाडीवर जातात. तिथे चिखलात एका पायावर उभ्या असलेल्या गुलाबी मंडळींकडे तास-दीड तास टक लावून बघत बसतात. बरं, चोरूनमारून नाही, बायकापोरांसकट! सोमवारी लॉगिनसाठी ज्याला आई चारदा हलवून उठवते, तोच चिरंजीव रविवारी आपणहून उठून, गळ्यात दुर्बीण अडकवून दारात हजर. आमच्या वेळी एवढ्या पहाटे माणूस काकड आरतीला जायचा, नाहीतर दुधाच्या रांगेत उभा राहायचा. तिसरं कारण असलंच, तर ते घरच्यांना सांगण्यासारखं नसायचं.

या लफड्याचं नाव फ्लेमिंगो. आपल्याकडे त्याला रोहित म्हणतात, कुणी अग्निपंखही म्हणतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर मराठी नाव लिहिलं तर लोक विचारतात, कोण रोहित, बी विंगमधला का? पूर्वी ही थेरं बघायला मुंबईकर शिवडीला जायचे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीचा जवळजवळ सतरा चौरस किलोमीटरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, पुढे वन विभागाच्या कांदळवन कक्षाने ऐरोलीत जर्मन सहकार्याने सागरी जैवविविधता केंद्र उभारलं, तिथून होड्या सुटू लागल्या आणि लोण आमच्या दारात आलं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळीचा, आंतरराष्ट्रीय मान मिळाला. तोवर खाडी म्हणजे आमच्या लेखी नाकाला रुमाल लावायचं ठिकाण. आता तिकडच्या खिडकीचा भाव वेगळा! ब्रोकर ‘क्रीक व्ह्यू’ असं काही म्हणतो, की वाटावं फ्लेमिंगो गॅलरीत येऊन चहा मागतील.

एवढं वेड का, म्हणून विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच: बर्नआउट. आम्हाला कंटाळा यायचा, थकवा यायचा, फारच झालं तर वैताग यायचा; ते सगळं एका आल्याच्या चहात बसायचं. यांचं तसं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या काचेच्या इमारतींत हे दिवसभर गारठतात, संध्याकाळी भारतातलं ऑफिस संपलं की अमेरिकेतलं सुरू होतं, आणि जेवताना ताटाच्या बाजूला लॅपटॉप उघडा. ‘दोन मिनिटं कॉलवर आहे’ म्हणणाऱ्याची भाजी दोनदा गरम करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद तर घेतली, पण रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणी साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. म्हणजे बघा, संघटनेनेही बोट ऑफिसकडेच दाखवलंय. पण ऑफिस काय करतं? ‘वेलनेस’वर दीड तासाची मीटिंग लावतं, तीही जेवणाच्या सुट्टीत. मग पोरं खाडीवर जाणार नाहीत तर जातील कुठे!

आणि तिथे जाऊन काय काय शिकलेत, ऐका. जो मुलगा कालनिर्णयाला भिंतीवरचा कचरा म्हणायचा, तो आता आईला फोन करून विचारतो, ‘आज तिथी कुठली गं?’ आईला आधी वाटलं, सूनबाईकडे काही गोड बातमी असणार. छे! याला भरतीची वेळ काढायची असते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे आमच्या दिवा कोळीवाड्यातल्या पोराला चड्डी सांभाळता येण्याआधी कळतं. आमच्या इंजिनीअरांना ते तिशीत कळलं आणि आता ते कोळ्यांनाच समजावतात. फ्लेमिंगोंची होडी घड्याळावर नाही, पाण्यावर सुटते. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी मेजवानीवर तुटून पडतात, पण होडी रुतते. पूर्ण भरतीला होडी मजेत जाते, पण चिखलच पाण्याखाली, मग पक्षी कशाला थांबतील? त्यामुळे मधली वेळ गाठावी लागते. मॅनेजरच्या तोंडावर ‘तारीख जमणार नाही’ म्हणायची छाती नसलेली माणसं खाडीसमोर मात्र निमूट. पाणी सांगेल तेव्हा येतात आणि वर पैसेही भरतात.

होडीतला थाट तर विचारूच नका. कुणाच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी लांब, की होडी एका बाजूला कलेल असं वाटतं. मुलांना पोपटी टोप्या, नवऱ्याला शिकाऱ्यासारखं खाकी जाकीट आणि काकूंना फ्लेमिंगोच्याच रंगाचा कुर्ता. खारफुटीच्या कडेने बगळे असतात, तुतवार असतात, शेकाटे असतात. शेकाट्याचे पाय चांगले लांब आणि गुलाबी, पण बिचाऱ्याकडे ढुंकून कुणी बघेल तर शपथ. पाय गुलाबी असून भागत नाही, अंगही हवं! थवा दिसला की नावाडी इंजिन बंद करतो आणि हळू बोला म्हणून सांगतो. ऑफिसात म्यूट काढायला विसरणारे इथे म्यूट व्हायला विसरतात.

आता ज्यांच्यासाठी पोरं जीव टाकतात, त्या मंडळींचं चारित्र्य बघू. पहिली गोष्ट, रंग जन्माचा नाही. पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाऊन खाऊन त्यातल्या रंगद्रव्याने गुलाबी होतं. म्हणजे सगळा मेकअप आतून. दुसरी गोष्ट, खाणं. मान खाली घालून चोच उलटी करून चिखलपाणी गाळायचं. आमच्या खाडीतलं शेवाळ एवढं का माजतं, तर ठाण्या-मुंबईचं सांडपाणी त्याला खतपाणी घालतं, असं जाणकार सांगतात. म्हणजे शहराने जे नाक मुरडून टाकलं त्यावर हे पोसले, आणि तेच शहर आता दुर्बीण लावून त्यांचं कौतुक करतंय. लहान रोहिताचं आवडतं निळंहिरवं शेवाळ ज्या जातकुळीचं, त्याच जातकुळीतली स्पिरुलिना आमच्या तिसऱ्या मजल्यावरची पोरगी थकव्यावर औषध म्हणून बाटलीतून घेते. तरी ती काही गुलाबी झाली नाही. झाली ती अप्रेझलच्या दिवशी, आणि ती रागाने.

तिसरी गोष्ट, एका पायावर उभं राहणं. आम्हाला वाटलं, तपश्चर्या. पण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की फ्लेमिंगोच्या पायाची रचनाच अशी आहे की एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंची ताकद जवळजवळ खर्चावीच लागत नाही. म्हणजे तो उभा नसतो, तो विसावलेला असतो! आमची पोरंही ठाणे-वाशी लोकलमध्ये एका पायावरच उभी असतात. दुसरा पाय टेकायला जागा नसते म्हणून. पण त्याला कुणी विश्रांती म्हणत नाही आणि त्याचे फोटोही कुणी काढत नाही.

चौथी गोष्ट मात्र खरोखर लफड्याची. ही मंडळी सहा-सात महिने खातात-पितात आपल्याकडे, आणि पिल्लं घालायला जातात गुजरातला! कच्छच्या रणात यांची वसाहत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये काही फ्लेमिंगोंच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, निसर्ग अभ्यासकांच्या आठवणीखातर त्यांना हुमायून, मॅकॅन अशी नावं दिली. काय निघालं? गेले गुजरातला! त्याच वर्षी वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तिकडे गेला तेव्हा केवढा गहजब झाला, मोर्चे काय, पत्रकार परिषदा काय. हुमायूनवर कुणी चकार शब्द काढला नाही. तो परत येतो म्हणून असेल.

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर तेही होऊन जाऊ दे. नवी मुंबई म्हणजे फ्लेमिंगो सिटी, असं आमची महापालिका मिरवते. चौकात फ्लेमिंगो, भिंतीवर फ्लेमिंगो. महापालिकेला २०१५ नंतर निवडणूक मिळाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे ऐन फ्लेमिंगोंच्या हंगामात. मधली कितीतरी वर्षं शहरात नगरसेवक नव्हते, पुतळ्यातले फ्लेमिंगो मात्र होते. त्यांनी निदान कुणाच्या नळाच्या तक्रारीवर ‘बघतो’ म्हटलं नाही. राज्याचे वनमंत्री गणेश नाईक आमच्या ऐरोलीचेच आमदार. म्हणजे पक्षी आमचा, मंत्री आमचा, आता काळजी कसली?

काळजी नेरूळची. भरती चढली, चिखल बुडाला, की हे पक्षी जातात कुठे? नेरूळच्या पाणथळींवर: एनआरआय, चाणक्य, डीपीएस अशा नावांच्या तळ्यांवर. खायला ठाण्याची खाडी, टेकायला नेरूळ. आता या टेकायच्या जागेचं आम्ही काय केलं? एनआरआय-चाणक्यच्या पाणथळीवर शहर वसवणाऱ्या सिडकोला गोल्फ कोर्स करायचा होता. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो अडवला, तर सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. डीपीएसच्या तळ्यात येणारं भरतीचं पाणी अडलं, २०२४ मध्ये तळं सुकलं, पक्षी मेले. पर्यावरणवाल्यांनी आरडाओरडा केला, समिती बसली. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर उतरत्या विमानाची थव्याला धडक बसून तीसहून जास्त पक्षी गेले. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने डीपीएसच्या तीस एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली. चांगलं झालं. पण चौकातला फ्लेमिंगो एका टेंडरात उभा राहिला आणि खऱ्याला पाय टेकायला एवढी वर्षं लागली, हे काही मला पटलेलं नाही.

आणि इथेच मला त्या पोरांचा राग थोडा कमी करावा लागतो. या शहराने राबायची सोय चोख केली: स्टेशनं, पूल, टॉवर, रात्रभर जळणारे दिवे. गेल्या दशकात ऐरोलीत काय काय उभं राहिलं, ते माझ्या गॅलरीतून दिसतं. नुसतं बसायला मात्र रस्त्याकडेचा बाक, आणि त्यावरही कुठल्यातरी इच्छुकाचं नाव. पक्ष्याची चरायची जागा अभयारण्य होते, टेकायच्या जागेचा खटला चालतो, माणसाचंही तेच. पोरं खाडीवर बघायला जातात ते गुलाबी पंख नव्हेत, बरं का. कामाच्या वेळी काम आणि पाणी चढलं की सगळं सोडून उडून जाणं, हे ज्याला जमतं असं कुणीतरी त्यांना बघायचं असतं. मॅनेजरला न विचारता!

म्हणून माझं एवढंच म्हणणं. होडीत जरूर बसा, फोटो काढा, काकूंच्या कुर्त्याचं कौतुक करा. पण एकदा भर भरतीच्या वेळी नेरूळला जाऊन त्या तळ्यांत पाणी येतंय का तेही बघा, आणि येत नसेल तर तक्रार करा, फोटोसकट. कॅमेरे एवढे महागाचे घेतलेत ते कशाला? आणि रात्री जेवताना लॅपटॉप बंद ठेवा. अमेरिका कुठे उडून जात नाही.

परवाच बी विंगमधला तो (रोहितच हो, खरंच त्याचं नाव तेच निघालं) विचारत होता, काकू, मेनंतर हे निघून गेले की पावसाळ्यात खाडीवर काय असतं? मी म्हटलं, चिंबोऱ्या. त्याने लगेच फोन काढला आणि विचारलं, बुकिंग ऑनलाइन होतं का?