आधी तुमचं एक ठरवा

पतसंस्थेकडून आलेली तक्रार एका ओळीची होती: 'एकाच कर्जाच्या दोन नोटिसा जातात. अर्जंट.' दोन्ही नोटिसा हातात घेऊन एक कर्जदार शाखेत आला होता आणि 'आधी तुमचं एक ठरवा, मग भरतो' असं सुनावून निघून गेला होता. वसुलीच्या दृष्टीने ही फार वाईट सबब. खरी होती ना!

आमच्या ज्युनिअरने कोड उघडला. "सर, इक्वल्स लिहायचंच राहिलंय. दहा मिनिटांचं काम."

त्याचं चूक नव्हतं. दोन ऑब्जेक्ट सारखे कधी मानायचे हे आपण सांगितलं नाही, तर जावा फक्त मेमरीतली जागा बघते. मजकूर अक्षरशः तोच असला तरी रेशन दुकानदार झेरॉक्सकडे बघतो तसं बघून ती म्हणते, हे वेगळं. त्यामुळे एकच कर्ज थकबाकीच्या यादीतून एकदा आणि तारणाच्या यादीतून एकदा आलं, की नोटिसा दोन.

"सारखं कशावरून मानणार?" मी विचारलं.

"खाते नंबरवरून. सोप्पं आहे."

मी पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला.

"खाते नंबर? तो नवं-जुनं केलं की बदलतो."

मार्चअखेर जुनं कर्ज कागदोपत्री फेडायचं आणि त्याच दिवशी नवं काढायचं, याला नवं-जुनं म्हणतात. नोट एकही हलत नाही, व्हाउचरं मात्र भरपूर हलतात.

"मग साहेब, ते कर्ज तेच की वेगळं?"

"वसुलीला तेच. ऑडिटला वेगळं."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की पुढचा प्रश्न विचारायला मलाच संकोच वाटला. ज्युनिअरला वाटला नाही. "मग कर्जदाराचा पॅन धरू या," तो स्पीकरवर म्हणाला.

"धरा की. आमचे एक बापू आहेत. त्यांच्या किराणा दुकानाचं कर्ज आहे आणि त्यांचं घरचंही. दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचं, म्हणून पॅन एकच. शिवाय एकत्र कुटुंबाचं तिसरं कर्ज आहे. त्याचे कर्ते बापूच, सही बापूंचीच, पण पॅन निराळा."

"म्हणजे कर्जदार किती?"

"कोण विचारतंय त्यावर आहे."

ज्युनिअरने रक्कमही जुळवून पाहिली होती. जावाच्या बिगडेसिमलला इक्वल्सने विचारलं, तर ५०००० पूर्णांक एक शून्य आणि ५०००० पूर्णांक दोन शून्यं या रकमा वेगळ्या; कंपेअर-टूने विचारलं तर सारख्या. हे ऐकून साहेब क्षणभर गप्प झाले. "शून्य पैशांवरून भांडतं तुमचं मशीन? ऑडिटर होईल चांगला."

शेवटचा पर्याय मोबाइल नंबर. तो मात्र मीच खोडला. हॅशसेटमध्ये टाकलेल्या ऑब्जेक्टची ओळख नंबरवर ठेवली आणि नंतर नंबर बदलला, तर तो ऑब्जेक्ट सेटमध्ये असतो, पण विचारायला गेलं की सापडत नाही.

"असे आमच्याकडे पुष्कळ आहेत," साहेब म्हणाले.

मग विषय संचालक मंडळापुढे गेला, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात. कर्ज हाच धंदा असलेल्या संस्थेत 'कर्ज एकच कधी मानायचं' हा प्रश्न ऐनवेळचा असतो, याचं तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. ठराव मात्र झकास आला: नवं-जुनं केलेल्या कर्जावर मूळ खात्याचा नंबर कायम ठेवावा, नोटीस मूळ नंबरावर एकच काढावी, ऑडिटला दोन्ही खाती स्वतंत्र दाखवावीत, बापूंची तिन्ही कर्जं नोटिशीत एक करू नयेत. म्हणजे एकाच्या जागी दोन तुलना, आणि कुठली कुठे वापरायची तेही लेखी. ज्युनिअर भराभर टाइप करू लागला.

ठरावाच्या शेवटाला येऊन तो अडला. सूचक आणि अनुमोदक म्हणून एकच नाव दोनदा होतं. आडनाव तेच, आद्याक्षरंही तीच. त्याने पुन्हा फोन लावला.

"ते चुलत भाऊ आहेत हो," साहेब म्हणाले. "आणि दोघंही आपले कर्जदार आहेत, तेवढं बघा जरा."