येळवस गच्चीवर चढली हो!

ऐकलंत का? अहमदपुरात येळवस जिना चढून गच्चीवर गेली! तीच ती, पंचांगात जिला वेळ अमावस्या म्हणतात. मार्गशीर्षातली अवस. आजोबा आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेताची वाट धरायचे, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा व्हायची, रानात आंबील शिंपडायची आणि मग सगळं गणगोत भज्जीवर तुटून पडायचं. त्या दिवशी लातूर जिल्ह्याला कलेक्टरसाहेब सुट्टी देतात. बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही, कारण तेही शेतात जेवायला गेलेलं असतं.

मग आता ही काय थेरं? कुणाच्या गच्चीवर कडब्याची कोप, कुणाच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला लावून पंगत! ज्याच्या दारात शेपटीचं जनावर नाही, त्यानं कडबा विकत आणावा? आणि पाच पांडव कुठं मांडले म्हणता? कुंडीत! धर्मराज तुळशीपाशी, भीम मनीप्लँटखाली. त्या मनीप्लँटवर आंबील शिंपडली हो. त्याला काय आता ज्वारीचं कणीस लागणार आहे? मडकं म्हणे मोटारीतून आलं, पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. सासूबाई मागं.

त्यातही सगळ्यात दांडगा बेत कुणाचा असावा? ज्यानं नांदेड रोडचं रान प्लॉटिंगला दिलं, त्याचा! जिथं त्याच्या आजोबांची कोप असायची, तिथंच आता याचा बंगला. म्हणजे कोप तशी जागच्या जागीच आहे म्हणा, फक्त दोन मजले वर गेली.

आणि भज्जी! बिचारीचं काय करून ठेवलंय! पूर्वी तिच्यात काय पडायचं? तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, मेथी, चाकवत, कांद्याची पात, रानात हाताला लागेल ते. वरून चिंचेचा कोळ, लसूण-मिरचीचा ठेचा आणि बेसन लावून घोटायची. भाज्या मोजायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आता पहिल्या घासाआधी आकडा सांगतात. शेजारणीनं सोळा घातल्या? मग आपल्या बावीस. एकीनं तर ब्रोकोली टाकली. ब्रोकोली! पण चिंच-बेसनाच्या तावडीत सापडल्यावर तिचंही काही चाललं नाही. चाकवताच्या शेजारी गुमान शिजली.

परवा एका गच्चीवर पुण्याहून आलेला भाचा बोटं चाटत म्हणाला, ‘आजी, हे तर आपलं सोल फूड!’ आजी म्हणाली, ‘मग? सोल्याबिगर भज्जी होती का रे?’ पोरगं समजावत बसलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरच्या जेवणाला १९६०च्या दशकात हे नाव पडलं. पालेभाजी, चवळी, मक्याचा पाव आणि सगळं गोत एका टेबलाभोवती. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हंजी त्येंचीबी येळवसच की. आंबील करत्यात का?’

बाटलेले तर एकेक असे निघालेत की विचारू नका. ते साहेब आठवतात ना, ज्यांना आंबिलीचा वास सहन व्हायचा नाही? ताकात ज्वारीचं पीठ कालवून कसलं पिता म्हणून नाक मुरडायचे. आता तीच आंबील पोटाला फार चांगली म्हणून चार ग्लास रिचवतात आणि दुपारी दोन ते पाच घोरतात. दुसऱ्या एक वहिनी भात सोडून दोन वर्षं झाली म्हणतात. बाजरीचे उंडे मात्र मोजून सहा. उंडा म्हणजे काही भात नव्हे!

बरं, अवस एकच ना? आमंत्रणं महिनाभर कशी चालतात? आमचा संशय २०२४ सालावर आहे. आदल्या वर्षी अधिक श्रावण आला, येळवस पुढं सरकली ती ११ जानेवारी २०२४ला, आणि पुढची त्याच साली ३० डिसेंबरला. एका कॅलेंडरात दोन येळवशी! लोकांच्या जिभेला चटक लागायला आणखी काय पाहिजे? आता ‘अवशीला शेतावर जायलाव, तुम्ही रविवारी गच्चीवर या’ असं उघड सांगतात. येळवशीचीही पुरवणी परीक्षा!

कळस व्हायचा तो संध्याकाळी. मशालीसारखा पेटता हेंडगा घेऊन रानाभोवती फिरायचं असतं ना? गच्चीवर हेंडगा पेटवला तर खालचे धावत यायचे. मग काय, मोबाईलचे दिवे लावून मंडळी पाण्याच्या टाकीभोवती फिरली! पुढं घरधनी, मागं पाहुणे, शेवटी ते आंबीलवाले साहेब, अर्धे झोपेत. टाकीला यंदा भरघोस पीक येणार.

आम्ही? आम्ही फक्त बघायला गेलो होतो. नावं ठेवायची तर नीट बघून ठेवावीत ना! तीन वाट्या भज्जी झाली ती केवळ यजमानीण बाईचं मन राखायला म्हणून. चौथी डब्यात घातली तिनं, आम्ही काय करणार?

बरं ते जाऊ द्या. तुमच्याकडं ते मोठं पातेलं आहे ना, लग्नातलं? रविवारी लागतंय. नाही नाही, तसलं काही नाही, चार माणसं यायलेत घरी. चार म्हणजे, पोरंसोरं धरून, तीसेक. आणि येताना कडब्याच्या दोन पेंढ्या मिळतात का बघा.